घुबैराचं पाणी

“अजूनही तुम्ही त्याला इमाम म्हणता?”

खलफानने हे विचारलं तेव्हा तो खजुराच्या झाडाखाली मान वर करून उभा होता. ज्यांना विचारलं ते शेख मुसब्बह झाडावर होते. कमरेभोवती आणि खोडाभोवती दोर, दातांत नर-फुलांची जुडी. मादी झाडाच्या घोसांत ती फुलं एकेक करून खोचायची, तेव्हा कुठे फळ धरतं. सत्तरी उलटली तरी शेख हे काम दुसऱ्या कुणाला देत नसत.

वर शेखांनी आणखी एक फूल घोसात खोचलं.

“दोन दिवस चालत आलोय, उस्ताद.”

शेखांनी दातांतली जुडी हातात घेतली. “मग सावलीत बस. एवढा एक घोस उरलाय.”

“मी बसायला आलेलो नाही.”

“तरी थांबावं लागेल. घोस थांबत नाही.”

खलफान थांबला. रागाने त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. पायांवर धूळ होती, काखेत चामड्याची पिशवी होती, आणि पिशवीत त्याने सात दिवस खपून लिहिलेली चाळीस पानं होती.

हा ओमानचा डोंगराळ मुलूख. काळ फार जुना. त्या डोंगरातल्या इबादी या मुसलमान पंथाच्या लोकांत राजाचा मुलगा राजा होत नसे. त्यांचा धर्मविचारच तसा होता. जो नेक तो इमाम, मग त्याचं कूळ कोणतंही असो. विद्वान एकत्र बसत, माणूस निवडत, आणि राज्य त्याच्या हाती देत. पुढे तो अन्यायाने वागला तर त्याला आधी तोबा, म्हणजे चूक कबूल करून पश्चात्ताप, करायला सांगत. त्याने ऐकलं नाही तर त्याला दूर करत. शिपाई, किल्ले, तलवारी सगळं इमामाकडे असे. पण तो इमाम आहे की नाही, हे मात्र या चार बुकं वाचणाऱ्या माणसांच्या शब्दावर ठरे.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी हिलाल बिन घस्सानला निवडलं. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना त्याने तीनदा पिटाळून लावलं होतं. माणूस शूर, पण विद्या बेताची आणि राग नाकावर. अशाला ते लोक ‘कमजोर इमाम’ म्हणत. अंगाने कमजोर नव्हे, ज्ञानाने. अशा माणसाला राज्य द्यायचं ते अट घालून. विद्वानांना विचारल्याशिवाय फौज हलवायची नाही. विद्वानांना विचारल्याशिवाय शिक्षा द्यायची नाही.

ती अट भर मशिदीत शेख मुसब्बहनीच वाचून दाखवली होती. हिलालने ती मान्य केली. मग हिजैरच्या किल्ल्यात त्याच्याजवळ कायम चार विद्वान ठेवायचं ठरलं. तिघं वयस्क होते. चौथा तरुण हवा होता, आणि शेखांनी आपला सगळ्यांत हुशार शिष्य दिला. तो हा खलफान. पुढे तो हिजैरचा काझी झाला. शेख आपल्या डोंगरावर, आपल्या झाडांकडे परत गेले.

शेख खाली उतरले. हात धुतले. मग म्हणाले, “दाखव.”

खलफानने पानं पुढे केली.

शेखांनी ती सगळी वाचली. सूर्य झाडांच्या या बाजूचा त्या बाजूला गेला. समोर ठेवलेल्या खजुराला खलफानने हात लावला नाही.

पानांत होतं ते असं. नऊ शिपाई इमामाची फौज सोडून निघून गेले. घुबैरा गावाने त्यांना थारा दिला. इमामाने त्यांना परत मागितलं, गावाने दिलं नाही. तेव्हा इमामाने मुरशिद नावाच्या सरदाराला पाठवून गावाचा पाट बुजवला. घुबैराला पाणी येतं ते डोंगराच्या पोटातून, भुयारी पाटाने. त्या पाटात उतरायला जागोजाग विहिरी असतात. त्यांतल्या सात विहिरींत शिपायांनी धोंडे लोटले.

पुढची तीस पानं दाखल्यांची होती. बंडखोर असला तरी मुसलमानाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करायचा नाही. जखमीला मारायचं नाही. पाणी तर कुणाचंच तोडायचं नाही. म्हणून हिलाल इमाम राहिलेला नाही, आणि त्याच्याशी संबंध तोडणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे.

“भाषा चांगली आहे,” शेख म्हणाले.

खलफान वाट पाहत होता.

“सतराव्या पानावरची कुराणाची आयत चुकीच्या जागी पडलीय.”

“उस्ताद, तिथे गाव तहानेने मरतंय आणि तुम्ही आयतीची जागा बघताय?”

“तू ती लिहीत बसलास, म्हणून मी बघतोय.” शेखांनी पानं मांडीवर ठेवली. “हुकूम कधी निघाला?”

“सोमवारी. तीन आठवडे होतील.”

“विद्वानांना विचारून?”

“त्याने बैठक बोलावली होती.”

“कोण होतं?”

“चौघंही.”

“म्हणजे तू होतास.”

“होतो.”

“काय म्हणालास?”

खलफानने पिशवीचा बंद गुंडाळला.

“काय म्हणालास, खलफान?”

“काही नाही.” खलफानचा आवाज बसला. “मला वाटलं अबू खमीस बोलतील. ते वयाने मोठे.”

“आणि अबू खमीसना वाटलं असेल तू बोलशील. तू काझी.”

“त्याने विचारलंच असं, उस्ताद. म्हणाला, कुणाला काही म्हणायचंय का. तलवार मांडीवर होती.”

“ती नेहमीच असते. बारा वर्षं आहे. आम्हीच दिलीय.”

शेख उठले. मांडीवरची पानं त्यांनी जमिनीवर आदळली. खलफान सात वर्षं त्यांच्यापाशी शिकला होता. त्याने त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“बारा वर्षांपूर्वी आम्ही त्याला अट घातली. तुला काय वाटलं, ती अट कागदावर होती? कागद त्याने एकदा तरी उघडला असेल का? अरे, ती अट तू होतास.”

शेखांनी घरातून दौत आणि बोरू आणला. “सही हवीय ना तुला? करतो.”

खलफानच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. शेवटच्या पानावर एका बाजूला लिहिलं होतं: ‘ज्याने अन्याय केला तो’, आणि त्याखाली हिलालचं नाव. दुसऱ्या बाजूला साक्षीदारांसाठी जागा मोकळी होती.

शेखांनी हिलालच्या नावाखाली लिहिलं: खलफान बिन मुबारक, काझी. त्याच्या खाली लिहिलं: मुसब्बह.

“उस्ताद, साक्षीदारांची जागा इकडे आहे.”

“दिसतेय मला.”

“यात तुमचा काय दोष?”

“तुला मी निवडलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले.

“घुबैरावरून जाऊ,” शेख म्हणाले.

“लांब पडेल. अर्धा दिवस जास्त.”

“पडू दे.”

चालताना खलफान मागे मागे राहू लागला.

घुबैराच्या वेशीशी पाट उघड्यावर येतो. तिथली माती वाळून तिचे पापुद्रे सुटले होते. शेळ्या त्या पापुद्र्यांना जीभ लावून बघत होत्या. झाडांचे शेंडे खाली झुकले होते. दूरच्या झऱ्यावरून पखाली भरून आणणाऱ्या बायकांची रांग कातळाच्या वाटेने येत होती. त्यांतली एकही या दोघांशी बोलली नाही.

गावाच्या वर, पहिल्या विहिरीपाशी, चौघी बायका रहाटाने टोपलीतून दगड वर ओढत होत्या. त्यांतली एक चाळिशीची होती, उंच, काटक. तिने खलफानला पाहिलं आणि दोर सोडला नाही.

“हे काझी,” ती बाकीच्या तिघींना म्हणाली. “ज्यांच्याकडे मी गेले होते ते.”

शेखांनी विचारलं, “तुझं नाव?”

“राया.”

“हे काय म्हणाले तुला?”

“म्हणाले, प्रकरण मोठं आहे. विचार करावा लागेल.” तिने टोपली रिकामी केली. “झाला का विचार?”

शेखांनी खलफानकडे पाहिलं. हे चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

खलफान घाईने म्हणाला, “आम्ही इमामाकडेच चाललोय. त्याला सांगायला.”

“काय सांगणार? इथे पाणी नाही हे? त्यानेच बंद केलंय.”

“मग तुम्ही चौघी पाण्यासाठी हे एवढे दगड...” शेखांनी विहिरीत डोकावून पाहिलं. “हे तुमच्याने व्हायचं नाही, बाई.”

“पाण्यासाठी नाही.” रायाने टोपली पुन्हा खाली सोडली. “सुवैद खाली आहे.”

शेखांनी मान वर केली.

“माझा नवरा. पाटाचं काम तोच बघायचा. शिपाई गेल्यावर दुसऱ्या दिवशी दगड काढायला उतरला. वरून सगळं ढासळलं. गावातले पुरुष दोन दिवस खणले. मग म्हणाले, आता काही उपयोग नाही, आधी झऱ्याची वाट नीट करू, पोरांना पाणी हवं. बरोबरच आहे त्यांचं.” तिने रहाट फिरवायला सुरुवात केली. “मला तो हवाय.”

शेखांनी डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं आणि रहाटाचा दांडा धरला.

“आज आम्ही ओढतो,” ते म्हणाले. “तुम्ही बसा.”

दिवसभर ते दोघं दगड ओढत राहिले. खलफानचे हात बोरू धरणारे. दुपारपर्यंत त्यांना फोड आले आणि संध्याकाळी ते फुटले. तो एकदा थांबला तेव्हा शेख न बघताच म्हणाले, “टोपली खाली वाट बघतेय.”

निघताना शेख रायाला म्हणाले, “तूही चल हिजैरला.”

“मी कशाला? तुम्ही मोठी माणसं. आपसांत बोलून घ्याल.”

“म्हणूनच चल.”

तिने विचार केला. “येते. पण बोलणार नाही.”

“का?”

“माझं बोलून झालंय. यांच्या कचेरीत.”

हिजैरच्या किल्ल्यात दुपारच्या नमाजानंतर इमामाचा दरबार भरे. दरबार म्हणजे चुन्याने सारवलेली एक लांब खोली आणि चटया. दाराबाहेर साठ शिपाई. आत हिलाल, त्याच्या उजवीकडे सरदार मुरशिद, डावीकडे तिघं वयस्क विद्वान.

शेख आत आले तसा हिलाल उठून उभा राहिला.

“शेख. झाडांची कामं टाकून आलात. या, बसा.”

शेख बसले नाहीत. पुढे केलेल्या खजुराच्या परातीकडे त्यांनी पाहिलं नाही. राया दारातच थांबली.

“बोल,” शेख खलफानला म्हणाले.

खलफानने पिशवीतून पानं काढली. शेखांनी ती त्याच्या हातातून घेतली.

“तोंडाने.”

खलफान हिलालसमोर उभा राहिला. पानांवाचून त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“घुबैराचा पाट बुजवायचा हुकूम चुकीचा होता. धर्माविरुद्ध होता. त्या सोमवारीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

डावीकडचे तिघं वयस्क विद्वान चटईकडे बघू लागले.

हिलाल हसला. मग ते हसू चेहऱ्यावरून पुसलं गेलं.

“आज सांगतोस.”

“हो.”

“मुरशिद,” हिलाल मान न वळवता म्हणाला, “त्या सोमवारी तू कधी निघालास ते सांग यांना.”

मुरशिद घुटमळला. “उंट सकाळीच तयार होते. इमामांनी दुपारच्या नमाजापर्यंत थांबवून ठेवलं.”

“का ठेवलं असेल?” हिलालने खलफानला विचारलं. “मी शिपाईगडी. मला राग येतो. राग आला की मला डोळ्यांपुढचं दिसत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर माझ्याजवळ चार जण ठेवलेत. मी हुकूम दिला. मी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. सकाळपासून दुपारपर्यंत मी या खोलीत बसून होतो. एकजण हवा होता मला. चारांतला एक. कुणीही दार ढकलून आत यायला हवं होतं. आणि तुम्ही काय केलंत? आपापल्या चटयांवर बसून दाढ्या कुरवाळल्यात. आता तीन आठवड्यांनी माझ्यासमोर येऊन मला धर्म सांगतोस?”

“झालं तुझं?” शेखांनी हिलालला विचारलं.

“खोटं बोललो का?”

“नाही. अगदी खरं बोललास. त्याने दगड पडायचे थांबले का?”

शेख एक पाऊल पुढे आले.

“हिलाल बिन घस्सान, तोबा कर.”

“नऊ पळपुट्यांसाठी?”

“नऊ जणांचं मी बोललो नाही. गावाचं बोलतोय. तोबा कर.”

“आणि उद्या समुद्रावरून लुटारू आले की कोण लढणार? तुमची झाडं? आज नऊ गेले. मी गप्प बसलो तर उद्या नव्वद जातील. शेख, फौज कशी चालते ते तुम्हाला ठाऊक नाही.”

“नाही ठाऊक. पाणी कसं चालतं ते ठाऊक आहे.” शेख मुरशिदकडे वळले. “मुरशिद, मी याला दोनदा सांगितलं. आता तिसऱ्यांदा सांगेन. त्यानंतरही नाही म्हणाला तर हा इमाम उरणार नाही. त्यानंतर याच्या शब्दावर तू उचलशील ते हत्यार दरोडेखोराचं हत्यार असेल. बाहेरच्या साठ जणांनाही हे लागू. ऐकलंस?”

बाहेरचे शिपाई दारापाशी गोळा झाले होते. त्यांनीही ऐकलं होतं.

मुरशिद सावकाश उठला. त्याने कमरेची तलवार सोडली. सगळ्यांना वाटलं, तो ती उपसणार. त्याने ती शेखांच्या पायाशी ठेवली.

“दगड मी लोटले, शेख,” तो म्हणाला. “आधी मला विचारा.”

हिलाल त्याच्याकडे बघत राहिला. चौदा वर्षांपासूनचा त्याचा साथीदार. लुटारूंच्या गलबतावर दोघांनी एकाच दोराने उडी घेतली होती. हिलालचे खांदे उतरले. काही बोलायचं म्हणून त्याने दाराकडे हात केला.

“ती बाई कोण?”

राया बोलली नाही.

“सुवैद पाटवाल्याची बायको,” खलफान म्हणाला. “तो विहिरीत दगड काढायला उतरला होता.”

“मग?”

“अजून खालीच आहे.”

हिलालने मुरशिदकडे पाहिलं. मुरशिदने मान हलवली. त्यालाही माहीत नव्हतं. हिलालने खलफानकडे पाहिलं.

“तुला कधी कळलं?”

“ती कचेरीत आली तेव्हा. दोन आठवडे झाले.”

“हेसुद्धा सांगितलं नाहीस.” हिलाल आता ओरडत नव्हता. “हेसुद्धा नाही.”

त्याने डोक्याचा फेटा काढला आणि हात वर केले. “मी तोबा...”

“इथे नाही,” शेख म्हणाले. “तिथे.”

घुबैराच्या विहिरींवर साठ शिपाई अकरा दिवस खपले. पहिल्या विहिरीत हिलाल स्वतः उतरला. कुणी त्याला वर यायला सांगितलं नाही. फौज सोडून गेलेले ते नऊ जण तिसऱ्या दिवशी आपण होऊन आले आणि कुणाकडे न बघता रहाटाला लागले.

सहाव्या दिवशी हिलालने खालून हाक दिली. दोर अगदी हळू ओढा, म्हणाला. वर आला तो सुवैदला घेऊनच. इमामाच्या फेट्यात गुंडाळलेला.

दफन झाल्यावर हिलाल रायासमोर आला. त्याच्या दाढीत माती होती.

“हे रक्त माझ्या माथी आहे,” तो म्हणाला. “बदला माग किंवा माफ कर. हक्क तुझा आहे. तू म्हणशील ते.”

रायाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

अकराव्या दिवशी पाणी आलं. आधी गढूळ, नुसती ओल आल्यासारखं. मग घोट्याएवढं. गावातली माणसं पाटाच्या दोन्ही कडांना पालथी पडून प्यायली. हिलालने त्या पाण्यात उभं राहून, सगळ्या गावासमोर, मोठ्याने तोबा केली. मुरशिदने केली. तिघा वयस्क विद्वानांनी केली. शेखांनी जाहीर केलं की तोबा कबूल आहे आणि हिलाल इमाम आहे. त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांनी हिलालला मिठी मारली नाही.

लोक मात्र हरखले होते. इमामाच्या नावाचा घोष सुरू झाला.

तेवढ्यात राया बाहेर आली. तिने पाण्याकडे पाहिलं नाही.

“मी बदला मागणार नाही,” ती म्हणाली. “माफही करणार नाही. याला इमाम करा नाहीतर काहीही करा. माझ्यासाठी हा इमाम नाही.”

घोष थांबला. रायाच्या मागे आणखी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मग एक म्हातारा. हिलाल मान खाली घालून उभा होता.

खलफानने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. इमामाची तोबा झाली, पाणी आलं, शेखांनी तोबा कबूल केली. या सगळ्याची सुरुवात आपण डोंगरावर गेलो तिथून झाली, असं त्याला वाटत होतं. गावात आल्यापासून लोक त्याच्याकडे आपसांतली भांडणं घेऊन येऊ लागले होते. बोरीच्या झाडाखाली त्याची चटई अंथरलेली होती. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

शेख पाटाच्या कडेला पाय धूत बसले होते. तो त्यांच्याजवळ गेला.

“उस्ताद, रायाचं काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे?”

“ज्याची तोबा कबूल झाली त्या इमामाला नाकारता येत नाही. हे तुम्हीच शिकवलंत. ती एकटी असती तर मी कानाडोळा केला असता. पण आता तिच्यामागे तीन माणसं आहेत. उद्या तीस होतील. ती काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलंय.”

शेख पाय धूत राहिले.

“मला तिचं दुःख कळतं,” खलफान म्हणाला. “पण मी काझी आहे. मला निवाडा द्यावा लागेल.”

“तुझी तोबा झाली?”

“किल्ल्यात सर्वांसमोर बोललो की मी. तुम्ही होतात.”

“हिलालपुढे बोललास.”

“मग आणखी कुणापुढे...”

खलफान थांबला.

शेख उठले. ओल्या पायांनीच बोरीच्या झाडाकडे गेले. काझीची चटई त्यांनी उचलली, झटकली, काखेत घेतली. राया तिच्या दाराच्या पायरीवर बसली होती. शेखांनी तिच्यासमोर अंगणात चटई अंथरली.

“इथे बस, बाई.”

“मी?”

“तू.”

राया थोडा वेळ त्या चटईकडे बघत राहिली. मग उठली, येऊन बसली, आणि तिने पदर सावरला. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. हिलालही आला आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा राहिला.

खलफानचे कान लाल झाले होते. “उस्ताद,” तो हळूच म्हणाला, “हे सगळ्यांसमोर करायची काय गरज आहे? मी तिच्या घरात जाऊन बोलतो. दोघंच.”

“ती तुझ्या कचेरीत आली तेव्हा दोघंच होतात.”

खलफानने आजूबाजूला पाहिलं. कुणी त्याच्या मदतीला येईल असं दिसेना. तो पुढे झाला. बारा वर्षांच्या सवयीने त्याने अंगरखा आवरला आणि रायाच्या समोर, मातीत, मांडी घालायला वाकला.

शेखांनी त्याचा दंड धरला.

“आरोपी बसत नाही, खलफान.”